चुकीचं गाऱ्हाणं

दुखण्यावरच्या गोळ्यांचं व्यसन सोडून मला आठ महिने झाले होते, तरी बांगड्याचं तिखलं जिभेला मातीसारखं लागायचं. डॉक्टर म्हणाले होते, “त्या गोळ्यांनी मेंदूतलं आनंदाचं रसायन आटवलंय. भरायला वेळ लागेल. उदासीचं औषध चुकवू नका.”

आईने तरीही मला देवळात नेलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचा व्यसन सुटां दे!”

जमलेले ओरडले, “व्हय म्हाराजा!”

माझं डोकंच फिरलं. अहो, सुटलंय ते कधीच! सकाळी उठावंसं वाटू दे, असं मागा ना!

मी तोंड उघडणार, तोच आईने पिशवीतून माझं उदासीचं औषध काढून देवापुढे ठेवलं. “आजपासून ह्यो गोळ्यो पण सुटल्यो, म्हाराजा!”

सगळे पुन्हा ओरडले, “व्हय म्हाराजा!”