खालचं विमान घरी कसं येणार?

प्रबंधाच्या शेवटच्या वर्षी मी भिवंडीत, सासरी राहून काम करत होते. विषय होता दोन टप्प्यांचं अवकाशविमान. मोठं विमान छोट्याला पाठीवर घेऊन धावपट्टीवरून उडतं आणि खूप उंचावर त्याला सोडतं. छोटं पुढे कक्षेत जातं. काम झालं की दोन्ही परत येऊन उतरतात, पुन्हा उडायला. मला ते बांधायचं नव्हतं, कागदावर ठरवायचं होतं: पंख केवढे, इंधन किती, आणि छोट्याला कोणत्या वेगाला सोडायचं. माझा प्रोग्रॅम हजारो जोड्या तपासून सगळ्यात हलकी जोडी शोधायचा.

एका दुपारी त्याने अशी जोडी दिली की मी खुर्चीतून उठून चक्क नाचले. आधीच्या सगळ्या आराखड्यांपेक्षा कितीतरी हलकी! घरात फक्त सासूबाई होत्या. सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर सगळी नोकरी करून निवृत्त झालेल्या. शेजारचे कापडाचे लूम चालू असले की आमच्याकडे ओरडूनच बोलावं लागतं.

"आई, जमलं!"

"काय जमलं ते नीट सांग." त्यांनी निवडायची मेथी बाजूला सारली.

मी लाटण्यावर चमचा ठेवला, लाटणं टेबलाच्या एका टोकाहून उडवलं आणि दुसऱ्या टोकाला चमचा सोडला. "जितक्या वेगात सोडू, तितकं छोट्याचं काम सोपं. म्हणून प्रोग्रॅमने वेग वाढवत नेला."

त्यांनी माझ्या हातातलं लाटणं घेतलं. "आणि हे घरी कसं येणार?"

"वळून येतं. त्याचं इंधन धरलंय ना."

"वेग कमी असता तर किती धरलं असतंस?"

"तेवढंच."

"अगं, जास्त वेगात गेलं म्हणजे लांब गेलं ना? जावक वाढली आणि आवक तशीच?"

मी लॅपटॉप उघडला. परतीच्या इंधनाचा आकडा मी पहिल्या वर्षी तात्पुरता म्हणून टाकला होता, आणि तो तसाच राहिला होता. मला हसूच फुटलं.

"फसवलं हो मला या प्रोग्रॅमने!"

"फसवलं कुठं? तू विचारलंस तेवढंच सांगितलं त्यानं."

परतीचा सगळा हिशेब नव्याने लिहायला तीन आठवडे गेले. रोज चहाच्या वेळी सासूबाई विचारायच्या, "आलं का घरी?" शेवटी आलं. सोडायचा वेग बराच उतरला, मोठं विमान आटोपशीर झालं. त्या खोट्या जोडीइतकं हलकं नव्हतं, पण खरोखर परतणारं होतं.

व्हिडिओ कॉलवर माझ्या मार्गदर्शक सरांनी विचारलं, "ही चूक सापडली कशी?" मी खरं ते सांगितलं. ते म्हणाले, "बोलवा त्यांना."

सासूबाई पदर सावरत समोर आल्या आणि नमस्कार करून थेट म्हणाल्या, "सर, उडताना एवढं इंधन भरलेलं, उतरताना रिकामं. मग चाकं तेवढीच दणकट कशाला न्यायची वर? ती जड चाकं धावपट्टीवरच सोडून उडता नाही का येणार?"

सर मला म्हणाले, "हे लिहून घ्या."

आनंद साजरा करायला रविवारी आम्ही अकलोलीला गेलो. कुंडाच्या गरम पाण्यात पाय सोडून आम्ही दोघी तासभर चाकांबद्दलच बोलत राहिलो. नवरा कंटाळून भजी आणायला गेला.