तीन रकान्यांत न मावलेलं बियाणं

माझ्याकडे घरचं बियाणं नऊ जातींचं आहे: तूर, मूग, तीळ, ज्वारी, बरबटी, अंबाडी, वाल, भेंडी आणि वाळूक. कपाशीच्या मधल्या ओळींत मी ते दरवर्षी पेरते. माझ्यानंतर आमच्या घरात पेरणारं कोणी नाही. म्हणून ते दुसऱ्या बायांच्या घरी जायला हवं होतं.

आमचा सेलूकडचा बायांचा गट पेरणीआधी बियाणं वाटतो. नागपुरात कॉम्प्युटर शिकलेली माझी नात त्यासाठी मोबाईलचं ॲप बनवत होती. त्यातल्या यादीवरून वाटप होणार होतं. यादीत नाही ते वाटपात नाही.

तिनं फोन माझ्यापुढे धरला. बियाण्याच्या नावांसाठी तीनच रकाने होते. महत्त्वाची तीन नावं लिही, म्हणाली.

"बाकीची सहा कुठं टाकू? तुया डोक्यावर?"

दुसऱ्या दिवशी तिनं दहा रकाने केले. मी फोन शेजारणीला भरायला दिला. तिच्याकडे फक्त तूर आणि मूग. दोन भरून ती थांबली, तर फोन पुढे जाईना. तिनं उरलेल्या आठही रकान्यांत तूर लिहून टाकलं.

नात चिडली. किती रकाने पाहिजेत ते एकदाच सांग, म्हणाली.

मी म्हटलं, "जेवायले किती येतीन ते मालूम नसते, तं आधीच शंभर ताटं मांडतो काय? माणूस आला का ताट मांडाचं."

ती लॅपटॉप घेऊन आत गेली.

दोन दिवसांनी एकच रकाना दिसला, खाली 'आणखी एक' असं बटण. मी तूर लिहिलं, बटण दाबलं. नवा रकाना आला आणि वरचं तूर गेलं. नवा रकाना जोडताना सगळा पडदा पुन्हा तयार होतो, वगैरे ती सांगू लागली.

"मले कारण नको. लिहिलेलं राह्यलं पाहिजे."

संध्याकाळपर्यंत तिनं ते दुरुस्त केलं. मी भरून देते म्हणाली. मी फोन सोडला नाही. चौथी शिकलेल्या बाईला नऊ नावं लिहायला वेळ लागतो. नवव्यापर्यंत वरची आठही जागच्या जागी होती.

वाटपाच्या दिवशी पवनारच्या एका बाईनं यादीत वाळूक पाहिलं आणि मागितलं. मी दिलं. आता ते दोन घरी आहे.