बाळंतपण मी करतो की

बादलीत पाणी ओतलं की तो आधी कोपर बुडवून बघायचा. "हाताला कळत न्हाई ताई, कोपराला कळतंय," म्हणायचा. मुखेडला आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारा हा एसटीचा ड्रायव्हर. बायको बाळंतपणात गेली आणि पंधरा दिवसांची पोर त्यानं अंगणात पाय लांब करून, पायावर घेऊन न्हाऊ घातली. माझ्या सासूनं दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा त्यानं तिला हातच लावू दिला नाही.

गल्लीतले गडी त्याला ऐकू जाईल असं "बायल्या" म्हणत जायचे. हा हसायचा. दुसरं लग्न कर म्हणून भावकीनं जीव खाल्ला, तर "हाव, बघू" म्हणत वीस वर्षं काढली. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. खरं सांगा, थोडं तरी हसलाच असाल. मीही हसले होते.

पोरगी लातूरला दिली. तिला दिवस गेले तसा हा हरखूनच गेला. पहिलं बाळंतपण माहेरी! बाज विणून घेतली, डिंक-खोबरं आणलं, बायकोच्या जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. सासरचे म्हणाले, घरात बाई न्हाई, करणार कोण?

"मी करतो की."

विहीणबाईंनी मला फोन केला. "ताई, तुम्हीच सांगा, हे शोभतं का?" मी आहे शेजारी, पाठवा बिनधास्त, एवढंच म्हणायचं होतं. पण एरवी गल्लीभर तोंड चालवणारी मी, "तुमचं तुम्ही ठरवा" म्हणून मोकळी झाले. लोक मलाही नावं ठेवतील, ही भीती. दुसरं काय!

मग लेकीचाच फोन आला. अप्पा, इथंच राहते, लोक हसतात म्हणाली.

"बरं हाय माय," तो म्हणाला आणि अंगणातच बसून राहिला.

नातू झाला. लाडवांचा डबा घेऊन तो सकाळी लातूरला गेला, संध्याकाळी परत.

"दोन दिवस राहायचं की भाऊ!"

"बाळंतिणीच्या खोलीत गड्यानं जायचं न्हाई म्हणले."

"बाळ तरी घेतलं का?"

"लई रडून राहिलं होतं. दारातूनच हात पुढं केले. विहीणबाई म्हणल्या, राहू द्या, तुम्हाला जमायचं न्हाई."

माझ्या अंगाचा भडका उडाला. "आणि तुमची लेक? ती काही बोलली न्हाई?"

"तिनं डोळे मिटून घेतले," तो म्हणाला. "झोप लागली असंल, ताई. बाळंतीण हाय, थकलेली असती."