मामाचा लांबट चेंडू

अख्ख्या खानदेशात ऑस्ट्रेलियन फुटबॉल खेळलेला पहिला माणूस म्हणजे माझा मोठा मामा, आणि त्याच्या आधीचा सगळा खानदेश वाया गेला असं त्याचं ठाम मत आहे. मामा फौजेत हवालदार होता. शांतिसेनेबरोबर परदेशात असताना शेजारच्या तळावरच्या ऑस्ट्रेलियन जवानांना एक गडी कमी पडला आणि त्यांनी कुंपणापलीकडून मामाला हाक मारली. पुढे तळ हलेपर्यंत तो त्यांच्यात खेळला आणि निवृत्त होऊन असोद्याला परतला तो पेन्शनचे कागद, दुखरा उजवा गुडघा आणि एक लांबट लाल चेंडू घेऊन. तेव्हापासून तो कुठलीही वस्तू हातात घेत नाही. "फेक," म्हणतो. मामी किल्ल्या फेकते, साबण फेकते, एकदा रागाच्या भरात तिने लाटणं फेकलं, तर तेही त्याने छातीशी झेललं आणि वर तिलाच समजावलं, "याला मार्क म्हणतात." बाजारात भरताचं वांगं घेताना तो ते दोन्ही टोकांना धरून जोखतो आणि "हे डावीकडे वळेल" म्हणून परत ठेवतो.

गावाचा मात्र त्याच्यावर विश्वास नव्हता. खेळ मोबाईलवर सगळ्यांनी पाहिला होता. मामा तो खेळलाय हे कोणी मानेना. शेजारचे नाना म्हणायचे, "काय भो, आम्ही फौजेत असतो तर इमान चालवलं असतं." मग मामा मला पुढे करायचा. आमच्या घराण्यात कॉलेज पहिल्यांदा पूर्ण केलं ते मी, हे मी कोणी न विचारताही सांगते, त्यामुळे माझ्या शब्दाला वजन. "सांग याहिले, तू शिकेल आहे," मामा म्हणायचा. मी "असेल बुवा" म्हणायचे आणि त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळायचे.

गेल्या हिवाळ्यात जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा बदलावा लागेल, पळणं संपलं. मामा म्हणाला, "एकदा गावासमोर खेळू द्या, मग गुडघा काय, पाय घेऊन जा." शिरपूरच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षकांनी हा खेळ नुकताच सुरू केला होता, मामाने त्यांना आव्हान धाडलं. आपला संघ त्याने केळी कापणाऱ्यांतून निवडला. एकजण घड कापतो, दुसरा तो खांद्यावर असा अलगद घेतो की केळ्याला डाग पडत नाही. असे झेलणारे ऑस्ट्रेलियातही नाहीत, असं मामाचं म्हणणं.

कपाशी निघालेल्या शेतात दोन्हीकडे चार-चार बांबू रोवले. पहिलाच चेंडू उंच आला आणि आमच्या गड्याने तो शिरपूरवाल्यांच्या डोक्यावरून अलगद झेलला. नियमाप्रमाणे आता लाथ मारायची. हा पठ्ठ्या चेंडू घेऊन बांधापर्यंत चालत गेला, बाळ निजवावं तसा तो गवतावर ठेवला आणि पुढचा घ्यायला परत आला. शिरपूरच्या पोरांनी चेंडू उचलून गोल केला. दुसऱ्यानेही तेच केलं. तिसऱ्याने तर ऊन लागू नये म्हणून वर केळीचं पान झाकलं.

"अरे लाथ मार त्याले," मामा ओरडत होता.

"चांगल्या मालाले लाथ कशी मारू, आबा?"

शेवटी मामा स्वतःच उतरला. मामी "अहो, बसा" म्हणेपर्यंत तो मध्यभागी पोचलासुद्धा. चेंडू आला, दोन उंच पोरं धावली, आणि साठीला टेकलेला माझा मामा एकाच्या पाठीवर गुडघा रोवून वर चढला. त्याने चेंडू छातीशी धरला आणि चेंडूसकट तो खाली आपटला. मग तो उठला, लंगडत मागे सरकला आणि मारला. चेंडू मधल्या बांबूंना सोडून कडेच्या फटीतून गेला. सहाऐवजी एक गुण. सामना आम्ही सपाटून हरलो.

क्रीडाशिक्षक धावत आले. "सर, ही उडी कुठे शिकलात?" मामा नुसता नानांकडे बघत राहिला. नाना टोपी काढून हळूच म्हणाले, "खेळेल आहे भो हा." मी सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होते.

ऑपरेशनला नेताना रिक्षात मी म्हटलं, "मामा, मला आधीपासून खरंच वाटत होतं."

तो बाहेर बघत गुडघा चोळत होता. म्हणाला, "खोटं नको बोलू, पोरी. टाळ्या मात्र चांगल्या वाजवल्या."