मिल्टनची देवराई

दोन हजार अकरा सालची गोष्ट, मी तेव्हा चौसष्टचा. आज दारात बूट काढताना तळाला चिकटलेल्या कुजक्या पानांचा वास आला आणि तो दिवस समोर उभा राहिला.

परदेशात, मिल्टनला मुलाकडे आलो होतो, पण करमेना. गावी परतायला बॅग बांधून ठेवली होती. जाण्याआधी म्हणून मुलगा जवळच्या रानात घेऊन गेला. थंडगार सावली, ओली पानं आणि वाटेकडेला आडवं पडलेलं, शेवाळलेलं जुनं मेपलचं झाड. त्याची फांदीसुद्धा कुणी नेली नव्हती. कोकणात आमच्या देवराईतही असंच, देवाचं लाकूड घरी न्यायचं नाही. मी तिथंच बूट काढले.

"बाबा, शूज घाला. लोक बघतायत."

"बघू देत. देवराईत कधी पायताण घालून शिरलायस?"

"अहो, पार्क आहे हा!"

"मग या झाडाला कुणी हात का नाही लावला?"

तो हसला आणि एवढा मोठा इंजिनिअर, खाली वाकून शूज काढायला लागला. तेव्हा वाटलं, हट्टात मीच जिंकलो. आता कळतं, पोरगा काही विसरलाच नव्हता. छाती अजून फुगते माझी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बॅग रिकामी केली, सुनेकडून नारळ मागून घेतला आणि एकटाच त्या रानाकडे निघालो.