पळसफुलांच्या पाण्याचा रंग

सन १९८८ चालू आहे आणि मी अडुसष्ट वर्षांचा आहे. वैशाखातल्या एका दुपारी आलापल्लीकडून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर गाडी थांबवून माझ्या ओसरीपर्यंत चालत आला आणि म्हणाला, "भाऊ, तुमचे जवाईबुवा गेले. यमूबाईनं सांगून धाडलं." मी रडलो नाही. मला राग आला. त्याचा राग, माझा राग, त्या मेल्या विडीचा राग... माणूस गेल्यावर असा राग बरा दिसत नाही, हे कळतं. पण तीन आठवडे झाले तरी उतरत नाही, म्हणून लिहायला बसलो. शाळा मी दुसरीपर्यंतच पाहिली. अक्षर वाकडं आहे, पण लिहितो ते खरं आहे.

डोमाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, यमूचा, नवरा. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. पण आमच्याकडे बहिणीचा नवरा म्हणजे जवाई. त्याला अरे-तुरे करायचं नाही, पहिलं ताट त्याचं, तो बोलेल ते ऐकून घ्यायचं. या रिवाजाचा त्यानं तीस वर्षं पुरेपूर फायदा घेतला. उन्हाळ्यात तो तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या तळावर, मुन्शी असायचा. लोक जंगलातून विडीच्या पानांचे पुडे बांधून आणत, ते ताब्यात घ्यायचे, मोकळ्या जागेत रांगेनं मांडायचे, एक बाजू सुकली की पलटवायचे. काम एवढंच, पण ऐट अशी की सूर्य जणू त्याच्याच हुकमानं तापतो. तोंडात विडी कायम. "जवाईबुवा, जरा कमी करा," असं मी म्हटलं की म्हणायचा, "भाऊ, ज्याच्या गोठ्यात म्हैस, त्यानं चहा कोरा प्यायचा का?" आणि वर माझ्याकडेच काडीपेटी मागायचा.

चार वर्षांपूर्वी, असाच पत्त्याचा हंगाम चालू असताना, तो फळीवरून सरळ माझ्या घरी आला. लघवी लाल होत होती. मी विचारलं, "दुखते का?" तो म्हणाला, "काहीच नाई दुखत. म्हणून तर भेव वाटते." बघा, त्याला बिचाऱ्याला कळलं होतं; मला नाही. आमच्या गावात कोणाला उन्हाळी लागली, म्हणजे उन्हानं लघवीला जळजळ झाली, की लोक माझ्याकडे येतात. फाल्गुनात मी पळसाची फुलं वेचून सुकवून ठेवतो. ती मडक्यात भिजवायची आणि सकाळी ते केशरी पाणी प्यायचं. बापानं दिलेलं औषध आहे, गावाला गुण येतो, माझी मान त्यावर ताठ. डोमाजीलाही तेच पाजलं. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "भाऊ, अजून लालच हाय." मी काय सांगावं? "फुलाचा रंग उतरून राह्यला. गर्मी अशीच निघते." पुढच्या आठवड्यात लाल आपोआप थांबलं आणि मी सगळ्या गावाला सांगत सुटलो की जवायाला बरं केलं. हा आजार असाच लबाड. येतो, आपला आपण थांबतो, आणि मूर्ख माणसाला शाबासकी देऊन जातो.

पौषाच्या थंडीत पुन्हा लाल झालं. या वेळी यमू आली, दारातच उभी राहिली. "भाऊ, मी तर दिवाळीपासून त्याइले फुलाचं पाणी देल्लं नाई. मंग हा रंग कोनाचा?" दुसऱ्याच दिवशी आम्ही चंद्रपूरला गेलो, तिथून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात. तिथं लघवीच्या वाटेनं बारीक दुर्बीण घालून आत पाहिलं, तर पिशवीत गाठ. तरुण डॉक्टरनं सांगितलं की कॅन्सर आहे आणि बहुतेक विडीची करणी आहे. धुराचं विष रक्तात जातं, तिथून लघवीत उतरतं आणि पिशवीत तासन् तास साचून राहतं. डोमाजी म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मी तर धूर वर सोडतो." डॉक्टर हसला नाही. मी म्हणालो, "पण त्याले दुखत नव्हतं." त्यावर तो म्हणाला, "बाबा, दुखलं असतं तर लवकर आले असते. न दुखता लाल होणं हेच वाईट."

ऑपरेशन झालं तेही दुर्बिणीतूनच. गाठ आतल्या आत खरवडून काढली. तीन दिवस नळी. नळीतलं पाणी आधी लाल, मग गुलाबी, मग साफ. नळी काढल्यावर आग आग, दर घटकेला धाव, आणि सारखं पाणी पी, पाणी पी. गावात आलो तर लोकांना टाके पाहायचे! "चिरा नाई, तर आपरेशन कायचं? फसवलं तुमाले," म्हातारीकोतारी म्हणू लागली. डोमाजी वैतागून म्हणाला, "आता दुर्बीण कुठून गेली थे दाखवू का चावडीवर?" मग सहा आठवडे, दर आठवड्याला, नागपुरात पिशवीमध्ये औषध सोडायचं आणि ते दोन तास धरून ठेवायचं. नुसतं धरायचं नाही. दर पाव तासाला कूस बदलायची, उजवी, डावी, उताणं, पालथं, म्हणजे औषध सगळीकडून लागेल. मी घड्याळ घेऊन शेजारी बसायचो. "चला जवाईबुवा, पलटा." "अबे थांबा भाऊ, ही बाजू अजून कच्ची हाय. पुडा कवा पलटवाचा थे तुमी मले शिकवता?" आजूबाजूचे पेशंट हसायचे. रात्री ताप यायचा, दोन दिवस आग व्हायची, मग तो पुन्हा माणसात यायचा. तिथूनच त्यानं एक पांढरं टमरेल विकत आणलं. रोज सकाळी त्यात लघवी करायची, उजेडात धरायची, रंग पाहायचा. विडी मात्र त्यानं सोडली ती सोडलीच. एवढं त्याच्या नावावर लिहून ठेवतो.

डॉक्टरनं बजावलं होतं की हा आजार परत परत उगवतो, दर तीन महिन्यांनी दुर्बिणीनं पाहावंच लागेल, काही त्रास नसला तरी. हेच कोणाच्या गळी उतरेना. दोन तपासण्या साफ निघाल्या आणि मला जोर चढला. यमूनं देवीला बकऱ्याचा नवस बोलला होता. मी म्हणालो, आता देऊन टाकू. मीच पुढं होऊन बकरा कापला, यमूच्या अंगणात पंगत घातली, आणि पंगतीत उभा राहून सांगितलं, "जवाईबुवा खणखणीत बरे झाले." तिसरी तारीख आली तेव्हा डोमाजी म्हणाला, "भाऊ, तुमीच तर गावाले जेवू घातलं. आता परत कोन्या तोंडानं जाऊ? देवी म्हनन, याचा इश्वासच नाई." मी एवढंच म्हणायचं होतं की पंगतीत चुकीचं बोललो, चला. जीभ रेटली नाही. जवायापुढं, गावापुढं, मी चुकलो म्हणायचं?... ती तारीख गेली. पुढची पण गेली.

पुढच्या फाल्गुनात पळस फुलला आणि डोमाजीनं माझ्याकडून फुलं मागून नेली. मी दिली. पंगतीत बरा म्हटलेल्या माणसाला फुलं कशाला पाहिजेत, हे विचारलं नाही. टमरेलात पुन्हा लाल दिसत होतं, तो ते पाणी प्यायचा आणि यमूला सांगायचा, "भाऊच्या फुलाचा रंग हाय." माझंच वाक्य. चार महिने त्यानं माझ्या वाक्याच्या आडोशानं काढले. यमूनं फुलं चुलीत घातली आणि तरी टमरेलात लालच राहिलं, तेव्हा खरं बाहेर आलं. तोवर गाठ पिशवीच्या भिंतीत शिरली होती.

मग मोठं ऑपरेशन. पिशवीच काढून टाकली. आतड्याच्या तुकड्याची वाट करून पोटावर तोंड काढलं, त्यावर प्लास्टिकची थैली. आता टाके होते, हातभर. पण पाहायला कोणी आलं नाही. पहिले दोन महिने थैली गळायची, कातडी सोलायची, तो लग्नाकार्यात लांब बसायचा, वास येतो म्हणून. मी त्याच्या शेजारी पाट मांडून बसायचो. पुढं तो शिकला. धोतराच्या आत थैली, वर कोट, आणि टमरेलात थैली रिकामी करून रंग पाहणं चालूच. शेवटच्या हंगामात फळीवरही जाऊन आला. पण आजार हाडात उतरला होता. शेवटची भेट झाली तेव्हा तो बाजेवर एका कुशीवर होता. मी म्हणालो, "जवाईबुवा, माझं चुकलं." इतक्या उशिरा! तो म्हणाला, "मले माहीत हाय, भाऊ. पन हे गावाले सांगा. मले सांगून का फायदा?" आणि लगेच, "आता पलटवा मले, ही बाजू झाली."

तेरवीच्या पंगतीत यमूच्या शेजारचा सोमा गाडीवान माझ्या कानाशी आला. "भाऊ, उन्हाळी लागली. फुलं हायेत का?" मी विचारलं, "जळजळ होते?" "नाई, दुखत नाई काही. नुसतं लाल." सोमाच्या कानावर विडी होती. माझ्या हातातला घास तसाच राहिला. मग मी उठलो. पंगत बसलेली, बायका वाढत होत्या, यमू दारात होती. मी म्हणालो, "ऐका. डोमाजीचं रक्त माझ्या फुलानं झाकलं. बरा झाला म्हणून मी इथीच ओरडलो, थेबी खोटं होतं. मी चुकलो." एक म्हातारा म्हणाला, "बस, भाऊ, जेव." यमू आत गेली आणि ते पांढरं टमरेल घेऊन बाहेर आली. घासून लख्ख केलेलं. माझ्या हातात दिलं.

रात्री यमूकडेच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडायच्या बेतात, मी सोमाच्या घराची कडी वाजवली. तो डोळे चोळत आला. "का झालं, भाऊ? फुलं आनली का?" मी टमरेल त्याच्या हातात दिलं. "यात मूत, अन् उजेडात आण. मंग आंगात सदरा घाल. सहाची चंद्रपूरची गाडी हाय, मी संगं येऊन राह्यलो."