गार हाताची वहिनी

आमच्या वहिनीचे हात मढ्यासारखे गार. थट्टा नाही करत. लग्न होऊन आली तेव्हा तिने माझा गालगुच्चा घेतला नि मी किंचाळलेच होते. त्याच हातांच्या जोरावर तिने बेकरीत क्रीमच्या टेबलावर वर्षानुवर्षं राज्य केलं. आणि मी, तिची सख्खी नणंद, त्याच बेकरीत भट्टीपुढे भाजत राहिले.

मालकाची एक रीत होती. नवी बाई आली की तिच्या तळहातावर लोण्याचा तुकडा ठेवायचा आणि स्वतः कपभर चहा पीत बसायचं. चहा संपेपर्यंत तुकडा टिकला तर क्रीम, नाहीतर भट्टी. माझा टिकला होता हो! पण टेबलावर जागा एकच, आणि तिथे ही बसलेली. "थांबा ताई, तुमचाही नंबर लागेल," म्हणायची. कसला लागतोय डोंबल!

मग तिची पाळी जायला लागली आणि देवाने माझं ऐकलं. बसल्या जागी तिच्या छातीतून जाळ उठायचा, मान लाल, पाठ ओलीचिंब. पिशवीतलं क्रीम हातातच पातळ व्हायचं. काढायला जायची गुलाब नि व्हायचा कोबी. गिऱ्हाइकं केक परत आणायला लागली. ती बर्फाच्या पाण्यात हात बुडवून बसायची आणि मी भट्टीपाशी उभी राहून मजा बघायचे.

झोप येत नाही म्हणून माझ्या भावाने तिला आपल्या बाटलीतली द्यायला सुरुवात केली. "औषध म्हणून घे गं." आधी झाकणभर, मग पेलाभर. डोळा लागायचा, पण थोड्या वेळात घामाने न्हाऊन उठायची. तिला वाटायचं, कमी पडली. आगीत तेल ओतत होती येडी, आणि म्हणे विझवतेय.

दवाखान्यात तिच्यासोबत मीच गेले. नर्सने सरळ विचारलं, "दारू घेता का?" वहिनीने मान खाली घातली. "काही बायकांना त्याने हा जाळ जास्तच होतो," नर्स म्हणाली. "काही दिवस बंद करून बघा." हिने केली बंद. आणि खरंच उतार पडला की! गुलाब पुन्हा गुलाबासारखे दिसायला लागले. माझी मजा संपली.

पण तक्रारी मालकाच्या कानावर आधीच गेल्या होत्या. त्याने फर्मान काढलं, दोघी नणंद-भावजयांनी उद्या सकाळी लोणी धरायचं. एक टेबलावर, एक भट्टीवर.

सकाळी वहिनीचे हात लटलट कापत होते. भाऊ दाढी करता करता म्हणाला, "एक घोट मार, थरथर थांबेल." तिने माझ्याकडे बघितलं.

"घेऊ का हो ताई? नर्स नको म्हणाली होती ना?"

"एका घोटाने काय होतंय?" मी म्हणाले, आणि पेला मीच भरला. एक घोट कसला, चांगला अर्धा.

थरथर थांबली, खोटं कशाला बोलू. बेकरीत तिने हात पुढे केला तो दगडासारखा स्थिर. मालकाचा चहा निम्मा झाला असेल, तेवढ्यात तिच्या मानेवर लाली चढली. कानशिलं तापली, ओठावर घाम फुटला. लोणी बोटांच्या फटींतून ठिबकायला लागलं. मालक वाकून बघायला गेला आणि त्याला वास आला.

"अगं, पिऊन आलीस?"

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी माझा अख्खा तुकडा मालकापुढे धरला.

घरी भावाने बाटली कपाटात ठेवून कुलूप घातलं. "बेवडी! घराण्याचं नाक कापलंस," म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातचं पाणीही घेईना.

आता ती भट्टीवर असते. परवा दुपारी माझ्या टेबलापाशी आली. चेहरा उकडलेला, केस कपाळाला चिकटलेले. म्हणाली, "ताई, जरा हात द्या ना." मी काही म्हणायच्या आत तिने माझा हात उचलून आपल्या कपाळावर ठेवला आणि डोळे मिटले.

"किती गार आहे हो," ती म्हणाली.

मी हात ओढून घेतला. "सोड, तापेल तो. मला क्रीम धरायचंय."